चौतिसाव्या वर्षी जीएनएमला प्रवेश : यंत्रमागावरून वॉर्डात

रातपाळी

मी सोलापूरचा, पूर्वभागातला. बारावी आर्ट्स झालो, टॉवेलच्या कारखान्यात लागलो आणि सगळी उमेदीची वर्षं तिथंच गेली. आता जीएनएमच्या (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, नर्स व्हायचा डिप्लोमा) तिसऱ्या वर्षाला आहे. व्यनितून (खासगी निरोपातून) बऱ्याच जणांनी विचारलं : या वयात प्रवेश मिळतो का, पुरुषांना घेतात का, घर कसं चालवता? एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहितो, म्हणजे पुढच्या माणसालाही सापडेल.

सगळ्यात आधी वयाचं बोलतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात जीएनएमसाठी किमान वय १७ आणि कमाल ३५ आहे. मी चौतिसाव्या वर्षी अर्ज भरला. आमच्या कारखान्यातले दोघं-तिघं ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत राहिले आणि त्यांचं वय निघून गेलं. त्यामुळे तिशी ओलांडलेल्या कुणाच्या मनात हे असेल, तर त्याने आधी जन्मतारीख बघावी, बाकीचा विचार नंतर. शिक्षण बारावी लागतं, इंग्रजीसह ४० टक्के. विज्ञान शाखेला प्राधान्य असतं, पण बाकीच्या शाखाही चालतात. बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं असतं, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं. त्याला फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजी लागतं आणि राज्याची सीईटी द्यावी लागते, म्हणून माझ्यासारख्या आर्ट्सवाल्याचा तिथं प्रश्नच नव्हता. एएनएमच्या (सहायक नर्स-मिडवाईफच्या) जागा मुलींसाठी. म्हणजे उरलं जीएनएम, ३ वर्षांचं.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, मायक्रोबायॉलॉजी, मानसशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंगचे फंडामेंटल्स आणि कम्युनिटी हेल्थ असतं. दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल, मानसिक आरोग्य आणि बालरोग. तिसऱ्या वर्षी मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचं काम, येते. पुस्तकं सगळी इंग्रजीत. पहिले काही महिने मी एकेक परिच्छेद शब्दकोश घेऊन वाचत होतो. वर्गातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी एकदा वाचून पुढं जायच्या आणि मी तिथंच. मग एक पद्धत बसवली : सकाळी वॉर्डात जो पेशंट बघितला, त्याचाच आजार संध्याकाळी वाचायचा. न्यूमोनियाच्या आजोबांचा श्वास आपण स्वतः मोजलेला असला की पानावरचं डोक्यात राहतं. वय वाढल्यावर पाठांतर कमी होतं म्हणतात. पण समोर दिसलेली गोष्ट धरून ठेवायची ताकद वाढते, हे मी खात्रीने सांगतो.

मला खरी अडचण आली ती कानांची, आणि ही गोष्ट माग चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी कानात ओरडावं लागतं. इतकी वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर बारीक आवाज कमी ऐकू येतात, आणि ते आपल्याला कळतसुद्धा नाही. मला कळलं डेमो रूममध्ये, पहिल्यांदा हाताने बीपी बघताना. पट्टा सोडताना स्टेथोस्कोपमधून पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा आणि आवाज थांबतो तो खालचा. बाकी सगळ्यांना ऐकू येत होतं, मला नीट येत नव्हतं. त्या रात्री मला वाटलं, झालं, संपलं सगळं.

आमच्या ट्यूटर मॅडमनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, आधी मनगटावरची नाडी धरून पट्टा फुगवायचा. नाडी लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवायचा आणि मग त्याच्या वीस-तीस वर नेऊन स्टेथोस्कोपने ऐकायचं, म्हणजे कुठं कान लावायचा ते आधीच ठाऊक असतं. दुसरी, पंखा आणि नातेवाइकांची गर्दी यांच्यापासून पेशंटची बाजू आधी शांत करून घ्यायची. शिवाय मी कानाची तपासणी करून घेतली आणि चांगल्या प्रतीचा स्टेथोस्कोप विकत घेतला. आता वाचन बरोबर येतं. तरी शंका आली तर मी दुसऱ्याला तपासायला सांगतो, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. पेशंटच्या कागदावर अंदाजाचा आकडा लिहायचा नसतो.

उलट बोटांचा फायदा झाला. मागावर तुटलेलं सूत नजरेआधी बोटाला सापडतं. हातावरची शीर शोधताना तीच सवय कामाला येते. डिहायड्रेशनच्या पेशंटची शीर दिसत नाही, बोटाला मात्र ती लागते. कॅथेटर असो, सलाईन असो, ड्रेसिंग असो, हातांनी करायचं काम मला लवकर जमलं.

वर्गात आम्ही मुलगे मोजकेच, आणि माझ्या वयाचं कुणीच नाही. पोरी ‘दादा’ म्हणतात. वसतिगृह फक्त मुलींना होतं. वॉर्डात जाताना मुलग्यांना कपडे बदलायलाही जागा नव्हती, ती मागून घ्यावी लागली. हे सगळं होतं, पण त्यासाठी मागं फिरावं असं कधी वाटलं नाही.

विचारा, जमेल तसं उत्तर देतो.

शेंगाचटणी

मालक, लई भारी काम केलंत बघा. एक विचारू का? मागावरनं सुटलेली माणसं रिक्षा घेतात, चहाची गाडी टाकतात, पुण्याला वॉचमन म्हणून जातात. तुम्ही नर्सिंगकडं कसं काय वळलात? आमच्या गल्लीत कुणाच्या डोक्यात पण येणार नाही ओ हे.

रातपाळी

वडिलांमुळे. त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणताना तिथल्या सिस्टरने मला बाजूला घेऊन दाखवलं : दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड रोज बघायचं, कातडी लाल झालेली दिसली तर त्यावर चोळायचं नाही, नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उंच ठेवायची आणि नंतरही अर्धा तास तशीच राहू द्यायची. माझी पाळी रात्रीची, बायको दिवसा विड्या वळते, म्हणून आम्ही वेळा वाटून घेतल्या. वडील पुढं दोन-अडीच वर्षं अंथरुणावर होते. त्यांना शेवटपर्यंत एकही बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) झाला नाही. घरी बघायला येणारे डॉक्टर एकदा म्हणाले, ‘हे कुणी केलं?’ बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं.

आयुष्यात चादरी-टॉवेल सोडून आपल्याला काही येतं असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. नंतर लॉकडाऊन आलं, कारखाना बंद पडला आणि मालकाने जुने माग भंगारात काढले. दुसरीकडे काम मिळत होतं, नाही असं नाही. पण मी तेव्हा ठरवलं.

होटगीरोड

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. माझा मेव्हणा जीएनएम आहे. पंचविशीत बाहेर पडला, छोट्या खासगी दवाखान्यात लागला. पगार इतका कमी की सुरुवातीची दोन वर्षं घरच्यांनाच त्याला पैसे द्यावे लागले. तुम्ही सदतिशीला बाहेर पडणार. ३ वर्षांची बुडालेली मजुरी, फी, प्रवास हे सगळं धरलं तर वसूल कधी होणार? घरात कमावता माणूस एकच असेल तर मी कुणालाही हा सल्ला देणार नाही. तुमच्या मेहनतीबद्दल आदर आहे, पण लोक वाचून उडी मारतील म्हणून लिहिलं.

रातपाळी

होटगीरोड, हे लिहिलंत ते बरं झालं. हिशेब मांडूनच सांगतो.

खासगीतले पगार कमी आहेत, खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली यात लक्ष घातलं आणि केंद्राने समिती नेमली. तिने शिफारस केली की २०० खाटांच्या वरच्या खासगी रुग्णालयांनी सरकारी नर्सइतका पगार द्यावा. १०० ते २०० खाटांना १० टक्क्यांपर्यंत कमी चालेल, ५० ते १०० खाटांना २५ टक्क्यांपर्यंत. आणि ५० खाटांच्या आतल्या दवाखान्यानेही महिन्याला २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. कागदावर हे इतकं स्पष्ट आहे. प्रत्यक्षात छोट्या दवाखान्यात आजही कितीतरी जण त्याच्या खाली काम करतात. ज्या माणसावर रात्रभर आयसीयू सोपवता, त्याला एवढंही देत नाही, याचा मला राग येतो.

सरकारी नोकरीचं गणित वेगळं आहे. राज्यात अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) पदाची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते. राज्य सेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि राखीव प्रवर्गाला ४३. मी राखीव प्रवर्गात येतो, म्हणून मला काही वर्षं मिळतात. खुल्या प्रवर्गातला माणूस चौतिशीत प्रवेश घेईल तर त्याच्या हातात जेमतेम एखादी भरती उरते, हे त्याने आधीच समजून घ्यावं. एम्सच्या नर्स भरतीच्या नॉरसेट परीक्षेची वयोमर्यादा ३० आहे, सवलत धरूनही आमच्यासारख्यांना ती बहुतेक बंदच. शिवाय तिथं ८० टक्के जागा महिलांना राखीव आहेत. सैन्याच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये तर फक्त महिलाच घेतात.

घर कसं चाललं? बायकोच्या विड्या, धाकट्या भावाचा हातभार, आणि मी रविवारी-सुट्टीला मागावर नवीन बीमचे (ताण्याच्या रुळाचे) धागे जोडायच्या कामाला जातो. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज केला, ती उशिरा आली पण आली. कर्ज काढलं नाही. कर्ज काढावं लागलं असतं तर मी शिकलो नसतो, हेही सांगतो. घरातली दुसरी कमाई पक्की नसेल तर तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

अबोली

मी सिव्हिलमधून निवृत्त झालेली सिस्टर. रातपाळीदादा, तुमच्या वडिलांचं वाचलं आणि डोळे भरून आले. बेडसोअर न होऊ देणं ही आमच्या कामातली सगळ्यात मोठी परीक्षा असते आणि ती कुणाला दिसत नाही. जखम झाली की सगळे बघायला येतात. झाली नाही त्याचं श्रेय कुणी देत नाही.

आमच्या वेळी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, अगदी थोडे. त्यांना मिडवायफरीऐवजी दुसरा विषय असायचा. ब्रदर म्हटलं की ठरलेली कामं : पुरुष वॉर्ड, ऑर्थो, कॅज्युअल्टी, मानसोपचार. दंगा करणारा पेशंट आला की ‘ब्रदरला बोलवा’, जड पेशंट सरकवायचा की ‘ब्रदरला बोलवा’. त्यांच्यातले कितीजण चाळिशीत कंबर धरून बसलेले मी पाहिले. नव्या मुलांना माझं सांगणं आहे : उचलायला तुम्हाला एकट्याला बोलावलं तर जाऊ नका. ड्रॉ शीट (पेशंटच्या खालची आडवी चादर) घ्या, चार माणसं घ्या, बेडची उंची आधी कमरेला आणा, मग सरकवा. पाठ गेली की नोकरी गेली. वय जास्त असताना सुरुवात करणाऱ्याने तर हे पहिल्या दिवसापासून पाळावं.

दुसरं म्हणजे सुई. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, घाई कितीही असो. टोचलीच तर साबणपाण्याने धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, लगेच कळवायचं. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या पुढं उपयोग नाही. लाजेने लपवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. मुलगे जास्त लपवतात.

मिडवायफरीचं पोस्टिंग तुम्हाला कसं गेलं? खरं खरं लिहा.

रातपाळी

मॅडम, नमस्कार. पाठीचं लिहिलंत ते मी वर्गाच्या ग्रुपवर टाकलंय.

मिडवायफरीचं पोस्टिंग अवघड गेलं. अभ्यासक्रमात आता मुलग्यांनाही मिडवायफरी पूर्ण आहे. आम्ही रजिस्टर होतो तेच मुळी नर्स आणि मिडवाईफ म्हणून. प्रत्यक्षात आमचं पोस्टिंग होतं त्या दवाखान्यात लेबर रूमच्या दारातच सांगितलं, मुलग्यांनी बाहेर थांबा. मुली आत जाऊन बाळंतपणं शिकल्या, आम्ही बाहेर रजिस्टर भरत बसलो. मग प्रसूतीतज्ज्ञ मॅडमकडे जाऊन विनंती केली. त्यांनी एकेका पेशंटला विचारून, जिने हो म्हटलं तिथंच, सिस्टरच्या सोबतीने आम्हाला उभं केलं. तेव्हा कुठं शिकता आलं.

लेबर रूममध्ये डॉक्टर पुरुष चालतात, भूल देणारे पुरुष चालतात. मग नर्सिंगचा विद्यार्थी पुरुष असला की त्याला दाराबाहेर का ठेवतात, हे मला पटत नाही. उद्या मी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकटा असलो आणि बाई कळा देत आली, तर ‘मला येत नाही’ म्हणू का?

जाईजुई

इथं मी बाईच्या बाजूने लिहिते. माझ्या पहिल्या बाळंतपणात (सोलापुरात नाही, दुसऱ्या जिल्ह्यात) कळा चालू असताना चार-पाच विद्यार्थी येऊन उभे राहिले, त्यात दोन मुलगे. मला कुणीही विचारलं नाही. त्या अवस्थेत नाही म्हणायची ताकदही नसते. आज इतक्या वर्षांनी तो प्रसंग आठवला की अंगावर काटा येतो. तुमची शिकायची गरज मला कळते. पण बाईचं शरीर ही तुमच्या अभ्यासाची वस्तू नाही. डॉक्टर पुरुष असतो तो मी निवडलेला असतो, निदान मला माहीत असतो. विद्यार्थी माझ्यावर लादलेला असतो. हा फरक आहे.

रातपाळी

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही म्हणता तो फरक खरा आहे आणि वरच्या लिहिण्यात मी तो धरला नव्हता. तुमच्या बाबतीत झालं ते चुकीचंच झालं, आणि ते विद्यार्थी मुली असत्या तरी चुकीचंच होतं.

आमच्या मॅडमनी जे केलं त्यात मला म्हणूनच अर्थ वाटतो. कळा जोरात यायच्या आधी, पेशंट शांत असताना, विद्यार्थ्याला बाहेर ठेवून त्या स्वतः विचारायच्या : ‘एक ब्रदर शिकतोय, तुमच्यापेक्षा वयाने मोठा आहे, चालेल का? नको असेल तर नको म्हणा, उपचारात काही फरक पडणार नाही.’ बऱ्याच जणी नको म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही प्रसूतिपूर्व तपासणीत पोटाची उंची मोजायला, बाळाचे ठोके ऐकायला किंवा नवजात बाळाचं वजन-लसीकरण करायला जायचो. काही हो म्हणाल्या.

एक आजी कर्नाटकातल्या इंडीकडून सुनेला घेऊन आल्या होत्या. सुनेला मराठी येत नव्हतं आणि त्या खोलीत तेव्हा कन्नड येणारा मी एकटा. आधी ‘गंडसु बेडा’, पुरुष नको, म्हणाल्या. मी पडद्याबाहेर उभा राहून फक्त सिस्टरचं बोलणं कन्नडमध्ये सांगत राहिलो : आता जोर लावू नका, आता श्वास सोडा, आता लावा. बाळ झाल्यावर आजींनी स्वतः आत बोलावलं.

यात एक गोष्ट सोलापूरच्या मुलांनी ध्यानात घ्यावी. आपल्याकडे पेशंट अक्कलकोटकडून येतो, विजयपूर-कलबुर्गीकडून येतो, तुळजापूरकडून येतो, पूर्वभागातला तेलुगू बोलतो, नई जिंदगी वस्तीतला दखनी उर्दू बोलतो. दुखतंय कुठं हे माणूस आपल्याच भाषेत नीट सांगतो. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी अशा वाढलेल्या पोराकडे हे आयतं असतं आणि त्याला त्याची किंमत ठाऊक नसते. मला वॉर्डात सगळ्यात जास्त हाक याच्यासाठी येते.

जाईजुई

पडद्याबाहेरचं वाचून बरं वाटलं. असं विचारलं गेलं असतं तर मीही कदाचित हो म्हटलं असतं.

अबोली

हे विचारणं वॉर्डातल्या प्रत्येक कामाला लागू आहे. बाई पेशंटचं इंजेक्शन, ईसीजी, स्पंज बाथ : आधी विचारा, पडदा ओढा, सोबत सिस्टर किंवा मावशी ठेवा, लागेल तेवढाच भाग उघडा. ब्रदरच्या संरक्षणासाठीही ते गरजेचं आहे. आणि उलट बाजूनेही बघा. पुरुष पेशंटला कॅथेटर घालताना, ऑपरेशनआधी शेव्हिंग करताना कोवळ्या मुलींना पाठवतात. म्हातारी माणसं भिंतीकडे तोंड फिरवून घेतात. त्यांनाही विचारलं पाहिजे. ब्रदर वाढले तर या माणसांची सोय होईल, म्हणून मला तुमच्यासारखे लोक यावेत असं मनापासून वाटतं.

कडकभाकरी

सोलापूरच्या धाग्यावर एक आठवण करून देतो. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धात जखमींची सेवा करता करता १९४२ साली तिथंच वारले, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्यांची पत्नी क्वो छिंगलान नर्स होत्या, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे. डॉक्टरांच्या गोष्टीत नर्सचं नाव मागं राहतं, ते इथंही झालंय. रातपाळी, लोक तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?

रातपाळी

वॉर्डात ‘ब्रदर’. पेशंट कधी ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतात, तेव्हा मी लगेच सांगतो की मी नर्सिंगचा आहे. औषध कुणी लिहिलं आणि दिलं कुणी, हे पेशंटला नीट कळलं पाहिजे. कधी ‘मामा’ म्हणतात, वॉर्डबॉय समजून. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, मामांनी मला पेशंट सरकवायला शिकवलंय.

गल्लीत सुरुवातीला लोक बायकोला विचारायचे, ‘तुझा नवरा बायकांचं काम शिकतोय का?’ तिचं उत्तर ठरलेलं : ‘सासऱ्यांचं सगळं त्यानेच केलं, तेव्हा कुठं होता तुम्ही?’ आता तेच लोक रात्री-अपरात्री शुगर बघायला दार वाजवतात.

वाळवंटातला

मी सौदीत आहे, मूळचा बार्शीचा, जीएनएम करून आलो. इकडे पुरुष नर्सना मागणी चांगली आहे. पुरुष वॉर्ड वेगळे असतात, त्यामुळे ब्रदर लागतातच. पण वय जास्त असलेल्यांनी क्रम समजून घ्या. आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव, तोही बऱ्यापैकी मोठ्या रुग्णालयातला. त्यानंतर डेटाफ्लो या कंपनीमार्फत कागदपत्रांची पडताळणी आणि प्रोमेट्रिकची (परवान्यासाठीची) परीक्षा. अनुभवाचं पत्र नीट तारखांसह घ्या. छोट्या दवाखान्यांची पत्रं पडताळणीत अडकतात.

जर्मनीचं सध्या फार बोललं जातं. तिथं भाषेची अट कडक आहे, साधारण बी-२ पातळी, म्हणजे कामापुरतं नीट जर्मन बोलता-लिहिता यावं अशी. वर्ष-दीड वर्ष भाषेला द्यायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. आणि कुणी ‘दोन लाख द्या, जर्मनीला पाठवतो’ म्हणत असेल तर त्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे भरती एजंट म्हणून नोंदणी आहे का ते ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर बघा.

घरच्यांना सोडून यायची मनाची तयारी आहे का, ते आधी स्वतःला विचारा. पंचविशीत मी सहज आलो. मुलं शाळेत असताना बाप दूर असणं वेगळं.

रातपाळी

मोलाचं लिहिलंत. मी परदेशाचा विचार केलेला नाही. मुलगी आता आठवीत जाईल. मला इथंच राहायचंय, जमलं तर डायलिसिस किंवा आयसीयूमध्ये. नोकरी लागल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) करायचं मनात आहे.

भीमाकाठ

मी मंगळवेढ्याहून लिहिते. माझे मिस्टर ३३ वर्षांचे आहेत, बारावी कॉमर्स, मेडिकल दुकानात दहा वर्षं काम केलंय. तुमचा धागा मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणतात कागदपत्रांतच वर्ष जाईल, आणि इतकी वर्षं शिक्षणात खंड असला की घेत नाहीत म्हणे. नक्की काय काय लागतं? आणि कॉलेज चांगलं की फसवं हे कसं ओळखायचं?

रातपाळी

वहिनी, खंड असला तरी घेतात. त्यासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं : बारावीनंतर कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत शिकलो नाही आणि त्या काळात काय करत होतो. ते सेतू कार्यालयात होतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला आणि जात लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र, वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर. यातलं वैधता प्रमाणपत्र सगळ्यात जास्त वेळ खातं. नसेल तर प्रवेशाची वाट न बघता आजच अर्ज टाका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का ते बघा, पूर्वभागातल्या कितीतरी जणांचं आडनाव दोन कागदांवर दोन प्रकारे लिहिलेलं असतं.

कॉलेज बघताना तीन गोष्टी. इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या चालू वर्षाच्या यादीत नाव आहे का, ते स्वतः उघडून बघा, त्यांच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. क्लिनिकलला (वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाला) कुठल्या रुग्णालयात नेतात आणि तिथं खाटा खरोखर भरलेल्या असतात का, हे सकाळी जाऊन डोळ्यांनी बघा. रिकाम्या वॉर्डात काहीच शिकता येत नाही. आणि तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारा की आठवड्यातून किती दिवस वॉर्डात असता. ‘हजेरीचं बघू, यायची गरज नाही’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. नोकरी करत करत घरबसल्या जीएनएम होत नाही, आणि होऊही नये.

मिस्टरांना औषधांची नावं आणि डोस माहीत आहेत, हा मोठा फायदा आहे. फार्माकॉलॉजीत आम्ही जिथं अडलो तिथं ते पुढं असतील. वय मात्र ३३ आहे, म्हणजे याच किंवा पुढच्या प्रवेशात हे झालं पाहिजे.

भीमाकाठ

खूप आभार भाऊ. सोमवारी दोघं सेतूत जाऊन प्रतिज्ञापत्र करतो. शाळेचा दाखला माझ्या सासऱ्यांकडे आहे, तो आज मागवते.

रातपाळी

दाखल्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा, मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊन येऊ नका. आणि हिपॅटायटिस बीची लस आताच सुरू करा म्हणावं. तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग सहाव्या महिन्याला. वॉर्डात पाय ठेवायच्या आत निदान दोन झालेले बरे.

अबोली

तिसरा डोस झाल्यावर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या अँटीबॉडीजही तपासून घ्या. दहाच्या वर आल्या पाहिजेत. वय वाढलं की काही जणांना लस नीट लागत नाही, मग परत द्यावी लागते. मंगळवेढ्याहून सोलापूरला क्लिनिकलसाठी रोज सकाळी सातला पोचणं जमणार नाही. सोलापुरात राहायची सोय आधी बघा. मला व्यनि करा, ओळखीत एक खोली आहे.